धोतऱ्याच्या धुरापासून पंपापर्यंत

सिन्नर तालुक्यात एखाद्या दमेकऱ्याला पंप ओढायचा सल्ला दिला, की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : ‘नको, त्याची सवय लागते.’ म्हातारी माणसे असे म्हणतात, शिकलेल्या सुना म्हणतात, मुसळगाव-माळेगावच्या कारखान्यांत तिन्ही पाळ्या करणारी पोरेही म्हणतात. पंप हा शेवटचा उपाय, तो हातात आला की माणसाचे काही खरे नाही, अशी त्यामागची समजूत. हीच माणसे कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या, नाव-गाव नसलेल्या गोळ्या मात्र निर्धास्तपणे गिळतात.

या एका वाक्याच्या मागे मी गेली काही वर्षे लागलो आहे. मी डॉक्टर नाही आणि औषधशास्त्र कुठल्या महाविद्यालयात शिकलेलो नाही. जुनी वैद्यकीय पुस्तके, अहवाल, नियतकालिकांतले लेख मिळतील तसे वाचत गेलो. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. दम्याच्या औषधांची ही भीती अडाणीपणातून आलेली नाही. तिच्यामागे दोनशे वर्षांचा खराखुरा अनुभव आहे, आणि त्यात माणसे मेलेलीही आहेत. मात्र ही भीती ज्या औषधांनी निर्माण केली ती वेगळी, आणि आज ती ज्या औषधावर जाऊन बसली आहे ते वेगळे. हा पत्ता कसा चुकला, ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

विडीचे गाव

बाहेरच्या माणसाला सिन्नर गोंदेश्वराच्या देवळामुळे माहीत असते, नाहीतर नाशिक-पुणे रस्त्यावरचे गाव म्हणून. औद्योगिक वसाहती येण्याआधी गावाची ओळख विडीची होती. पर्जन्यछायेतला तालुका, शेतीचा भरवसा नाही, त्यामुळे घरोघरच्या बायका मांडीवर सूप घेऊन बसायच्या. तेंदूचे पान भिजवायचे, कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू भरून वळायचे आणि दोऱ्याने बांधायचे. मजुरी हजारावर. माल देताना ज्या विड्या नापास होत त्यांना ‘छाट’ म्हणत. त्यांचे पैसे मिळत नसत. विडी कामगारांच्या नोकरीच्या अटींचा कायदा १९६६ साली झाला, कल्याण निधीचा कायदा १९७६ साली. या कायद्यांतून कामगारांना ओळखपत्रे आली, दवाखाने आले. पण तंबाखूची बारीक भुकटी ज्या खोलीत उडत होती त्याच खोलीत स्वयंपाक होई, मुले निजत आणि चूल धुमसत राही.

अशा गावात धाप लागणारी माणसे पुष्कळ असणारच. पण या सगळ्या धापेला आपण ‘दमा’ हा एकच शब्द वापरतो. वैद्यक तिचे निदान दोन भाग करते. खऱ्या दम्यात श्वासनलिका सुजलेल्या असतात आणि चटकन आकसतात, पण पुन्हा मोकळ्याही होतात. विडी ओढून किंवा वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात बसून जी धाप लागते, तिच्यात नळ्या आणि फुप्फुसे कायमची खराब होतात. तिला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखामुळे, कधीच विडी-सिगारेट न ओढलेल्यांनाही हा आजार होतो आणि त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा आहे, ही गोष्ट जगापुढे ठळकपणे आली. या लेखाचा विषय मुख्यतः पहिल्या प्रकारचा दमा आहे. पण औषधे बरीचशी दोन्हींना तीच दिली जातात, आणि भीतीही तीच आहे.

धूर हेच औषध

आपल्याकडे दम्याचे जुने नाव ‘तमक श्वास’. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांतला हा एक. चरक त्याला ‘याप्य’ म्हणतो, म्हणजे पुरता बरा न होणारा, पण उपचाराने आटोक्यात राहणारा. नुकताच सुरू झाला असेल तर बराही होतो, असेही तो सांगतो. आजचा छातीचा डॉक्टर याहून फार वेगळे सांगत नाही. त्याच अध्यायात औषधी वाती करून त्यांचा धूर ओढायला सांगितले आहे. या वातींच्या घटकांत हळद, एरंडमूळ, देवदार यांच्याबरोबर मनःशिळाही आहे. मनःशिळा म्हणजे आर्सेनिकचे संयुग. औषध थेट छातीत पोचवावे ही कल्पना इतकी जुनी आहे, आणि औषधात विष असते ही जाणीवही तितकीच जुनी.

युरोपला धुराचा उपाय मिळाला तो आपल्या धोतऱ्यातून. मद्रासचे फिजिशियन जनरल डॉ. जेम्स अँडरसन यांनी दम्यासाठी धोतऱ्याचा धूर ओढण्याची इथली पद्धत जनरल जेंट या लष्करी अधिकाऱ्याला सांगितली, आणि १८०२ साली ती त्याच्याबरोबर ब्रिटनला गेली. तिथे आपल्या जातीचा धोतरा मिळेना, तेव्हा त्याचा भाऊबंद स्ट्रॅमोनियम वापरात आला. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे दम्याच्या सिगारेटी आणि जाळून हुंगायच्या भुकट्या युरोप-अमेरिकेत औषध म्हणून विकल्या जात होत्या. नीट जळाव्यात म्हणून त्यांत सोरा घालत. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त हा आयुष्यभर दम्याने बेजार होता. तो खोली बंद करून अशा भुकट्या जाळत असे.

धोतऱ्याचा गुण खरा होता. त्यातली ॲट्रोपिनसारखी द्रव्ये श्वासनलिका आवळणाऱ्या मज्जातंतूंचा निरोप अडवतात, त्यामुळे नळ्या सैल होतात. पण ही द्रव्ये रक्तातून सगळीकडे पोचतात. तोंड कोरडे पडते, बुबुळे विस्फारतात, लघवी अडते, आणि मात्रा वाढली की माणूस बरळू लागतो. धोतऱ्याच्या बिया घालून वाटसरूंना बेशुद्ध करायचे आणि लुटायचे, हा प्रकार हिंदुस्थानात सर्वांना माहीत होता. एकच झाड वैद्याच्या हातात होते आणि ठगाच्याही. फरक मात्रेचा होता, आणि चिलमीत किती पडले हे मोजायचे साधन कुणाकडेच नव्हते.

या धोतऱ्याचे वंशज आजही दवाखान्यात आहेत. इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम ही औषधे ॲट्रोपिनच्याच रचनेत बदल करून तयार झाली. हा बदल असा केला, की औषध फुप्फुसातून रक्तात फारसे शिरू नये आणि मेंदूपर्यंत तर जाऊच नये. त्यामुळे तोंड थोडे कोरडे पडते, पण माणूस बरळत नाही. दम्याच्या औषधांच्या इतिहासात हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो : आधी गुण सापडतो, मग अपाय उघड होतो, आणि मग गुण ठेवून अपाय कमी करण्यात एकेक पिढी खर्ची पडते.

छाती धडधडवणारी औषधे

विसाव्या शतकाच्या आरंभी ॲड्रिनॅलिन आले. जोकिची ताकामिने यांनी १९०१ च्या सुमारास ते शुद्ध रूपात वेगळे केले आणि १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी दम्याच्या झटक्यात त्याचे इंजेक्शन वापरले. काही मिनिटांत धाप ओसरे. पण पोटात घेतल्यास ते निकामी होते, आणि टोचल्यावर हृदय घोड्यासारखे उधळे, हात थरथरत, रक्तदाब चढे.

गोळी मिळाली ती चीनमधल्या ‘मा हुआंग’ या झुडपातून. त्यातले एफेड्रिन जपानच्या नागाई यांनी १८८५ मध्ये वेगळे केले होते, पण जगाचे लक्ष तिकडे गेले ते १९२४ मध्ये, पेकिंगमधल्या चेन आणि श्मिट यांच्या संशोधनानंतर. एफेड्राच्या जाती हिमालयातही उगवतात. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांनी त्यांचा अभ्यास केला. एफेड्रिनने दम सुटे, पण झोप उडे, छाती धडधडे आणि म्हाताऱ्यांची लघवी तुंबे. झोप उडते म्हणून मग त्याच गोळीत झोपेचे औषध, फेनोबार्बिटोन, घालण्याची पद्धत पडली. अपायावर उतारा म्हणून दुसरे औषध एकाच गोळीत कोंबलेले. अशा गोळ्या कित्येक दशके खपल्या. दमेकरी दिवसभर गुंगीतही असे आणि धडधडतही असे.

तिसरे औषध चहातून आले. हेन्री हाइड सॉल्टर या इंग्रज डॉक्टरने, जो स्वतः दमेकरी होता, १८६० च्या ग्रंथात कडक कॉफीची शिफारस केली होती. कॉफीतल्या कॅफिनचे सख्खे भावंड म्हणजे थिओफायलिन. ते १८८८ मध्ये कोसेल यांनी चहाच्या पानांतून वेगळे केले. १९३७ पासून त्यापासून बनवलेले ॲमिनोफायलिन झटक्यात शिरेतून देऊ लागले. त्याचाच आपल्याकडचा अवतार म्हणजे डेरिफायलिन. महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यात हे नाव माहीत नसलेला दमेकरी सापडणार नाही. डेरिफायलिन आणि डेक्सामेथासोन एकत्र करून शिरेतून दिलेले इंजेक्शन म्हणजे कित्येक ठिकाणी दम्याचा उपचारच झाला होता.

थिओफायलिनची अडचण अशी, की गुणाची मात्रा आणि अपायाची मात्रा एकमेकींना खेटून आहेत. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये १० ते २० मायक्रोग्रॅम ही जुनी ठरलेली मर्यादा. त्यापुढे मळमळ आणि उलट्या, आणखी पुढे हृदयाचे ठोके बिघडतात, फेफरे येते. प्रत्येकाचे यकृत ते वेगवेगळ्या गतीने विल्हेवाट लावते. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन घेतले की रक्तातली पातळी चढते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात मात्र ते लवकर संपते. अशा माणसाने डॉक्टरच्या सांगण्यावरून विडी सोडली आणि गोळ्या तेवढ्याच चालू ठेवल्या, तर तीच मात्रा त्याला जास्त होऊ शकते. विडीच्या गावात ही गोष्ट प्रत्येक औषधाच्या दुकानात लिहून लावायला हवी. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात रक्त तपासून मात्रा ठरवता येते, आमच्याकडे ती मळमळीवरून ठरत होती.

‘औषधाने छाती धडधडते, पोट बिघडते, हात कापतात’ ही तक्रार अशी तीन पिढ्यांनी स्वतः अनुभवलेली आहे. तिला समजूत म्हणून मोडीत काढता येणार नाही.

अंग धरणे

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी कॉर्टिझोन संधिवातावर वापरून पाहिले. खिळलेली माणसे उठून चालू लागली, आणि १९५० मध्ये या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. लगेच ते दम्यावरही वापरले गेले. १९५५ च्या सुमारास प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन आले, पाठोपाठ डेक्सामेथासोन आणि बेटामेथासोन. ही स्टेरॉइडे नळ्या नुसत्या सैल करत नाहीत, त्यांची सूजच उतरवतात. दम्याच्या मुळाशी पोचणारे हे पहिले औषध.

किंमतही तशीच होती. महिनोन्‌महिने गोळ्या चालल्या की चेहरा चंद्रासारखा गोल होतो, मानेमागे चरबी साठते, त्वचा पातळ पडते, साखर आणि रक्तदाब वाढतात, डोळ्यांत मोतीबिंदू होतो, हाडे ठिसूळ होतात. सगळ्यात फसवी गोष्ट निराळीच. शरीर स्वतःचे कॉर्टिसोल बनवते. बाहेरून मिळू लागले की ते बनवायचे थांबते. मग गोळी एकदम बंद केली, तर माणूस गळून पडतो, प्रसंगी दगावतो. ‘सवय लागते’ हे वाक्य वैद्यकीय अर्थाने कुठल्या औषधाला लागू पडत असेल, तर ते या रोजच्या गोळ्यांना.

माझी आई विड्या वळायची. तिला दर थंडीत धाप लागायची आणि गावातल्या एका दवाखान्यातून वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या तीन प्रकारच्या गोळ्या यायच्या. त्यांतली एक अगदी बारीक पांढरी असायची, आणि आईच्या मते खरा गुण तिचाच होता. दोन-तीन वर्षांत आईचा चेहरा भरला. शेजारच्या बायका कौतुकाने म्हणायच्या, ‘आक्का, आता अंग धरलंय बघा तुम्ही.’ घरात सगळ्यांना तब्येत सुधारल्याचा आनंद होता. पुढे मोतीबिंदू झाला, आणि मग ओट्यावरून नुसते घसरून खुब्याचे हाड मोडले. पुडीवर नाव नव्हते, त्यामुळे त्या बारीक गोळीत काय होते ते कागदोपत्री कधीच सिद्ध होणार नाही. पण स्टेरॉइडच्या अपायांचे पान मी पहिल्यांदा वाचले, तेव्हा आईचे वर्णन वाचतो आहे असे वाटले.

गोळी बारीक म्हणून हलकी, हाही एक गैरसमज आहे. डेक्सामेथासोनचे पाऊण मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे सुमारे पाच मिलिग्रॅम.

पंपाचा पहिला गुन्हा

आता पंपाकडे येऊ. मोजून फवारा सोडणारा पहिला पंप १९५६ मध्ये अमेरिकेतल्या रायकर प्रयोगशाळेने बाजारात आणला. कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारले होते, की सेंटच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का मिळत नाही. त्यातून ही युक्ती निघाली. पहिल्या पंपांत ॲड्रिनॅलिन आणि त्याच्याच जातीचे आयसोप्रिनॅलिन होते. खिशात मावणारे, दोन मिनिटांत आराम देणारे.

आणि १९६० च्या दशकात इंग्लंड-वेल्समध्ये दम्याने मरणाऱ्या तरुणांची संख्या वाढू लागली. १० ते १४ वर्षांच्या मुलांमध्ये १९५९ ते १९६६ या काळात मृत्यूचे प्रमाण जवळजवळ आठपट झाले. संशोधकांनी माग काढला तेव्हा बोट पंपाकडे वळले. पुढे पॉल स्टॉली यांनी १९७२ मध्ये दाखवले, की ज्या देशांत आयसोप्रिनॅलिनचा ‘फोर्ट’ पंप, म्हणजे नेहमीच्या पाचपट मात्रेचा, खपत होता, तिथेच साथीसारखे मृत्यू झाले. अमेरिकेत तो विकला जात नव्हता, तिथे तशी साथ आली नाही. ब्रिटनमध्ये इशारे दिले गेले, विक्रीवर बंधने आली आणि मृत्यू उतरले. १९७६ नंतर न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉल या दुसऱ्या जोरदार पंपाबाबत असेच घडले. ते मागे घेतल्यावर तिथलेही मृत्यू घटले.

म्हणजे पंपाने माणसे मारली, हे खोटे नाही. पण कशी, ते पाहणे महत्त्वाचे. एकीकडे जोरदार मात्रेचा हृदयावर ताण येत होता. दुसरीकडे हे पंप नळ्या तेवढ्यापुरत्या सैल करत होते आणि आतली सूज तशीच वाढत होती. आराम पडतो म्हणून माणूस फवारे मारत राही आणि दवाखान्यात पोचायला उशीर करी.

या धड्यातून दोन औषधे जन्माला आली, दोन्ही डेव्हिड जॅक यांच्या ब्रिटिश प्रयोगशाळेतून. एक साल्ब्युटामॉल, १९६९ सालचे. हे हृदयापेक्षा फुप्फुसावर जास्त काम करते. दुसरे बेक्लोमेथासोन, १९७२ सालचे, म्हणजे ओढायचे स्टेरॉइड. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्यामुळे भारतीय कंपन्यांना स्वतःच्या पद्धतीने औषधे बनवायची मुभा मिळाली आणि १९७८ मध्ये मुंबईच्या सिप्लाने देशातल्या पंपनिर्मितीला सुरुवात केली. सिन्नरच्या औषध दुकानांत पंप दिसू लागले ते त्यानंतर.

मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम

इथे थोडा हिशेब करावा लागेल. दम्याच्या मोठ्या झटक्यात प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत देतात. ४० मिलिग्रॅम म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. ओढायच्या स्टेरॉइडची रोजची साधारण मात्रा २०० ते ४०० मायक्रोग्रॅम. दोन औषधांची ताकद सारखी नसते, म्हणून नुसता भागाकार करून चालत नाही, पण अंदाज येतो. गोळीतले औषध पोटातून रक्तात जाऊन हाडांपासून डोळ्यांपर्यंत सगळीकडे फिरते. पंपातले औषध जिथे सूज आहे तिथे पडते. जे घशातून गिळले जाते त्याचा मोठा भाग यकृत निकामी करते.

पंपाला अपाय नाहीत असे कुणी सांगत असेल तर तेही खरे नाही. साल्ब्युटामॉलने हात कापतात, छाती धडधडते, जास्त झाल्यास रक्तातले पोटॅशियम घटते. ओढायच्या स्टेरॉइडने तोंडात पांढरी बुरशी येते, आवाज बसतो. फवाऱ्यातले बरेचसे औषध घशात अडकते म्हणून असे होते. त्यासाठीच स्पेसरची नळी लावायची आणि नंतर खळखळून चूळ भरायची. मुलांच्या उंचीवर थोडा परिणाम होतो. अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात, लहानपणी चार-सहा वर्षे रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड घेतलेल्या मुलांची प्रौढ वयातली उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. जास्त मात्रा वर्षानुवर्षे चालली, तर डोळे आणि हाडे तपासावी लागतात. गोळ्यांतही नवी भर पडली आहे. सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या मॉन्टेल्युकास्टवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये सर्वांत कडक इशारा छापायला लावला : वाईट स्वप्ने, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार.

हा जमाखर्च मांडला, की दुसरी बाजूही मांडावी लागते. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या नोंदींवरचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. ओढायच्या स्टेरॉइडचा वर्षाकाठी प्रत्येक जादा डबा वापरणाऱ्यांमध्ये दम्याने मरण्याचे प्रमाण २१ टक्क्यांनी कमी होत गेले होते. ज्यांनी औषध सोडले त्यांच्यात पुढच्या काही महिन्यांत मृत्यू वाढले. म्हणून २०१९ पासून दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की मोठ्या माणसाला नुसता आरामाचा पंप देऊ नका, त्याच्या जोडीला स्टेरॉइड असलेच पाहिजे.

गावात मात्र घडते ते उलट. निळा, आरामाचा पंप लोक नाइलाजाने का होईना, घेतात, कारण त्याचा गुण लगेच दिसतो. सूज उतरवणारा पंप दोन आठवडे घेऊन सोडून देतात, कारण त्याने ओढल्या ओढल्या काहीच वाटत नाही, आणि ‘सवय लागेल’. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या मुलांना ज्या वाटेने नेले, तीच ही वाट : फवाऱ्यांवर फवारे आणि आत वाढणारी सूज. जागतिक रोगभार अभ्यासाचा २०१९ चा अंदाज असा, की जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४२ टक्क्यांच्या आसपास भारतात होतात. या तफावतीची कारणे पुष्कळ आहेत : निदान न होणे, पैसे नसणे, दवाखाना लांब असणे. त्यांत या भीतीचाही वाटा आहे.

पुडीवरचे नाव

भीतीचा पत्ता कुठे चुकला, ते आता सांगता येईल. धडधड दिली ती एफेड्रिन-थिओफायलिनच्या गोळ्यांनी. चेहरा सुजवला, हाडे पोखरली, सवय लावली ती स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आणि इंजेक्शनांनी. पण त्या पुड्यांवर नाव नव्हते, त्यामुळे दोष कुणाला द्यायचा ते कळले नाही. पंपाला नाव होते, रंग होता, तो चारचौघांत दिसत होता. मुलीच्या लग्नाआधी तो लपवावा लागत होता. साठलेली सगळी भीती त्या एका दिसणाऱ्या वस्तूवर जाऊन बसली.

बिननावाचा धंदा आजही संपलेला नाही.  कोजागिरीच्या रात्री चांदण्यातल्या खिरीतून दम्याचे औषध देण्याची प्रथा आपल्याकडे अनेक गावांत आहे. ज्या ठिकाणी नुसत्या वनस्पती असतात, तिथे अपाय फारसा होत नसेल. गुण किती येतो ते त्यांनी मोजून दाखवावे. ‘फक्त जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आणि दोन दिवसांत दमा पळवणाऱ्या भुकट्यांची गोष्ट वेगळी आहे. अशा भुकट्या प्रयोगशाळेत तपासल्या, तेव्हा भारतात आणि परदेशातही त्यांत प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बेटामेथासोन पुन्हा पुन्हा सापडले आहे. ‘इंग्रजी औषधाची सवय नको’ म्हणून जो माणूस या भुकटीकडे वळतो, तो सवय लावणारे इंग्रजी औषधच, न मोजलेल्या मात्रेत, खात असतो. धोतऱ्याच्या चिलमीइतकेच बेहिशेबी.

आयुर्वेदाचा यात अपमान नाही. अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्याच्या अभ्यासातून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे आधुनिक औषध आले, इप्राट्रोपियमचे मूळ धोतऱ्यात आहे. चरकाने तमक श्वासाला ‘याप्य’ म्हटले, त्या शब्दात दीर्घकाळ नेमाने उपचार करत राहण्याचीच सूचना आहे. नेमाने घेणे याला आपण सवय म्हणून नावे ठेवू लागलो.

आमच्या भागात दम्याचे औषध घेणाऱ्या कुणालाही मी हल्ली तीन प्रश्न विचारायला सांगतो. औषधाचे नाव काय? मात्रा किती, मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम? आणि हे एकदम बंद केले तर चालेल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही, चांगला वैद्यही नाही. जो पुडीवर नाव लिहून देत नाही त्याची पुडी परत करावी. आणि पूर्वीपासून अशी पुडी चालू असेल, तर घाबरून ती आपणहून एका दिवसात थांबवू नये. ती घेऊन डॉक्टरकडे जावे, म्हणजे आतले स्टेरॉइड हळूहळू उतरवता येईल.

सिन्नरमध्ये दिवाळीनंतर थंडी पडू लागते. पहाटे धुके, चुलींचा धूर आणि शेतांतली धूळ एकत्र येते आणि दवाखान्यांबाहेरच्या रांगा वाढतात. त्या रांगांमधल्या बायकांच्या हातात अजूनही कागदाच्या पुड्या दिसतात.